सल्फेशन (शिसे-आम्ल बॅटरी)

सल्फेशन म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचणे होय. दीर्घकाळ उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी निकामी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

गाडी बंद असतानाही घड्याळ, चोरसूचक यंत्रणा इत्यादींना थोडी वीज लागते. शिवाय बॅटरी आपोआपही हळूहळू उतरते. बॅटरी उतरताना पट्ट्यांवर लेड सल्फेटचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात व चार्जिंगच्या वेळी ते नाहीसे होतात. मात्र उतरलेली बॅटरी कित्येक आठवडे तशीच राहिल्यास स्फटिक मोठे व कठीण होतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट असते, ते १२.४ व्होल्टच्या खाली गेल्यास चार्जिंग करणे इष्ट असते. उतरलेली बॅटरी चार्जरने, मंद प्रवाहावर व हवेशीर जागी चार्ज करतात. कारण या वेळी निर्माण होणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो. फुगलेली किंवा गळणारी बॅटरी चार्ज करणे धोक्याचे असते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून इंजिन सुरू झाले, तरी सल्फेशन दूर होत नाही. म्हणून गाडी दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण टोकाची तार काढून ठेवतात.