‘फ्रोझन’ : भयाचे आलंबन कोणते?

भयानक रसाचा स्थायीभाव भय होय, याविषयी दुमत नाही. परंतु एखाद्या कलाकृतीत त्या भयाचे आलंबन नेमके कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. ॲडम ग्रीन यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘फ्रोझन’ हा २०१० सालचा अमेरिकन चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कथानक अल्प आहे. डॅन, त्याची प्रेयसी पार्कर व मित्र जो हे तिघे बर्फावरील घसरखेळासाठी डोंगरावर जातात. रीतसर तिकिटे न काढता रज्जुमार्गावरील सेवकाला पैसे चारून ती वर जातात. रविवारी रात्री त्यालाच गळ घालून शेवटची एक फेरी मिळवितात. सेवकाला मध्येच जावे लागते. अजून तिघे खाली यावयाचे आहेत, असे तो आपल्या जागी येणाऱ्याला सांगतो. इतक्यात दुसरेच तिघे उतरून येतात. संख्या जुळते आणि यंत्र बंद होते. तारेला लटकलेल्या खुर्चीवर ही तिघे अधांतरी राहतात. पुढील शुक्रवारपर्यंत तेथे कोणी फिरकणार नसते.

यानंतर जवळजवळ सारा चित्रपट त्या एका खुर्चीभोवती घडतो. ॲरिस्टॉटलने आग्रह धरला तो कार्यैक्याचा. स्थलैक्याचा नियम पुढे कास्तेलवेत्रो याने १५७० साली आपल्या भाष्यात मांडला. हा नियम म्हणजे केवळ बाह्य बंधन, असे मानण्याची प्रथा आहे. येथे मात्र स्थल हेच कार्य घडविते. हिचकॉक यांच्या ‘लाइफबोट’मध्ये (१९४४) नावेत शत्रुपक्षाचा मनुष्य असतो, जॉन कार्पेंटर यांच्या ‘द थिंग’मध्ये (१९८२) हिमवेष्टित तळावर परका जीव शिरलेला असतो. या खुर्चीवर मात्र कोणी वैरी नाही. आहेत ते केवळ पर्याय, आणि त्यांतील प्रत्येक घातक आहे.

खुर्ची सुमारे पन्नास फूट उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या शरीराचा वेग जमिनीशी ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो. बसून राहावे, तर थंडी आहेच. देहाचे तपमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की बुद्धी व स्नायू दोन्ही मंदावू लागतात. धातू उष्णता त्वरेने शोषून घेतो. म्हणून झोपेत पार्करचा उघडा हात दांडीला गोठून चिकटतो. यावरून दिसून येईल की, डॅनची उडी हा अविचार नव्हे. तो विचारान्ती घेतलेला निर्णय आहे, आणि तरीही त्याचे दोन्ही पाय मोडतात. विवेक असूनही सुटका नाही, ही जाणीव प्रेक्षकाला खरोखर अस्वस्थ करते.

यानंतर लांडगे येतात. सामान्य प्रेक्षक त्यांनाच भयाचे आलंबन समजेल. वस्तुतः ते, वादळ आणि काळोख हे सर्व उद्दीपन विभाव होत. किंबहुना लांडग्यांचा वावर काहीसा अधिकच झाला आहे. गोठविणारी शांतता एकटी पुरेशी होती. उलटपक्षी, युटातील स्नोबेसिन येथे प्रत्यक्ष रज्जुमार्गावर केलेले चित्रण ही मोठीच जमेची बाजू आहे. नटांचे कापणे हे सर्वस्वी अभिनयाचे वाटत नाही.

मग आलंबन कोणते? माझ्या मते, ते म्हणजे प्रमाद, आणि तोही अगदी क्षुद्र. सेवकाचा निरोप खोटा नव्हता. दुसऱ्याने केलेली मोजणीही चुकली नव्हती. तीन सांगितले होते, तीन आले. माणसे ओळखली गेली नाहीत, फक्त मोजली गेली. शिवाय तिकिटाला बगल देऊन त्या तिघांनी आपण तेथे असल्याचा एकमेव कागदी पुरावाही आपल्याच हाताने टाळला होता. शोकात्मिकेच्या नायकाचा प्रमाद भव्य असतो. येथे तो चार पैशांच्या सवलतीएवढा आहे. शिक्षा मात्र तितकीच कठोर.

अखेर पार्कर सरपटत रस्त्यापर्यंत पोचते व वाचते. परंतु चित्रपट संपल्यावर मनात रेंगाळतो तो लांडगा नव्हे. रेंगाळतात ते एकामागून एक मालवत गेलेले दिवे, आणि हिशेब जुळल्याच्या समाधानाने ते मालविणारा मनुष्य.