पोस्टर छान दिसतंय, पण मार्क कशाला द्यायचे? अमेरिकेत शाळेतलं ग्राफिक डिझाइन कसं आखतात?

ग्राफिक डिझाइनचा तास म्हटलं की आधी फोटोशॉप आठवतं. पण हायस्कूलचा अभ्यासक्रम सॉफ्टवेअरपासून आखायला घेतला, की गडबड होते. घरी चांगला लॅपटॉप असलेली मुलं पहिल्याच महिन्यात पुढे निघून जातात आणि मार्क देताना शिक्षकाकडे 'छान दिसतंय' यापलीकडे निकष उरत नाही.

अमेरिकेत यासाठी आधार आहे तो २०१४ साली आलेल्या राष्ट्रीय कला मानकांचा. ती ऐच्छिक आहेत, काय शिकवायचं हे शेवटी राज्यंच ठरवतात. दृश्यकलेसाठी त्यात चार भाग आहेत: निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि जोडणी. नावं जड आहेत, अर्थ सोपा. स्वतः घडवणं, लोकांसमोर मांडणं, दुसऱ्याचं काम नीट पाहून समजून घेणं आणि त्याचा आपल्या जगण्याशी संबंध लावणं. यात कुठल्याही सॉफ्टवेअरचं नाव नाही.

त्यामुळे आखणी उलटीकडून करता येते. शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवं हे आधी ठरवायचं, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

समजा, कॅन्टीनमध्ये वाया जाणाऱ्या अन्नावर पोस्टर करायचंय. मुलं आधी कागदावर तीन-चार कच्ची स्केचेस काढतात, एकमेकांना दाखवतात, बदलतात. भिंतीवर लावल्यावर ते लांबून वाचता येतं का, हे तपासतात. मार्क या सगळ्याला. फोटो नेटवरून उचललाय? मग परवानगीचं काय, हेही इथेच विचारायचं. कलाकृती बनवण्या-पसरवण्यातली नैतिक बाजू मानकांमध्येच आहे.

'प्रतिसाद' मात्र दोन ओळींच्या कौतुकात उरकला जाण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणून फ्लोरिडाची मतपत्रिका वर्गात आणावी.

२००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या पाम बीच काउंटीने ज्येष्ठ मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी ठेवली. हेतू चांगलाच होता. पण नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि छिद्रं पाडायची जागा आली मधोमध. डावीकडे दुसरं नाव अल गोर यांचं, पण त्यांचं छिद्र तिसरं. दुसरं छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं! अनेक मतदार गोंधळले. जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा जिंकलं अवघ्या ५३७ मतांनी आणि त्याबरोबर अध्यक्षपदही.

आता वर्गाला प्रश्न: अक्षरं तेवढीच मोठी ठेवून ही मतपत्रिका तुम्ही कशी मांडाल? उत्तरासाठी कागद-पेन्सिल पुरते.