हरकतीचा शेवटचा आठवडा

सकाळी 5.45
भोसरीच्या पलीकडची गुंठेवारीची वस्ती. जुलै 2025. पाऊस भुरभुरतोय. काका दार वाजवतात. ते एमआयडीसीतले निवृत्त फिटर, आता रहिवासी संघाचे सचिव. प्लॅस्टिकच्या पिशवीत हरकतीचे अर्ज, पेन, अंगठ्यासाठी शाईचं पॅड. पहिल्या पाळीची माणसं साडेसहाला बाहेर पडतात. सही त्याआधी घ्यायची.

"दादा, घरपट्टीची पावती काढून ठेवली का?"

दादा टॉवेलवरच बाहेर येतात. पावती देतात, सही करतात आणि डबा भरायला आत पळतात. पुढच्या घरी आजी आहेत. त्या अंगठा उठवतात, पदराला पुसतात.

सकाळी 7.30
पाऊस थांबलाय. काका आणि शेजारच्या ताई 30 मीटरचा टेप धरून रस्त्यात उभे. ताई घरी फॉल-बिडिंग करतात, साडीमागे 100 रुपये. आज दोन साड्या मागे पडल्या.

पिंपरी-चिंचवडचा प्रारूप विकास आराखडा मे महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात या गल्लीवर 12 मीटरचा रस्ता दाखवलाय. टेप सांगतो, भिंत ते भिंत 6 मीटर 10 सेंटीमीटर. उरलेलं अंतर दोन्ही बाजूंच्या घरांतून निघणार. एका बाजूला जवळपास 3 मीटर, म्हणजे दहा फूट. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, 33 बाय 33. त्यातले दहा फूट गेले की पुढची खोली गेली.

काका आकडा वहीत लिहितात. मग वस्तीच्या मागे जातात. तिथे कारखान्याच्या कुंपणालगत मोकळी पट्टी आहे. तीही मोजतात. "नुसतं नको म्हटलं तर साहेब ऐकत नाहीत. रस्ता कुठून न्यायचा तेही आपणच दाखवायचं."

सकाळी 9.30
झेरॉक्सचं दुकान. 74 अर्ज. प्रत्येकाला दोन पानं: एक मजकूर, एक हाताने काढलेला नकाशा. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक कार्यालयाला, एक पोचेसाठी. 296 पानं. दर दोन रुपये, पण गठ्ठा मोठा म्हणून दीड रुपया. 444 रुपये. ताई प्रत्येक अर्जावर सर्व्हे नंबर आहे ना ते तपासतात. नंबर नसलेला अर्ज नेमका कुठल्या जागेबद्दल आहे, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

सकाळी 10.45
पिंपरीची बस. दोघांचे 40 रुपये. गठ्ठा मांडीवर, त्यावर छत्री आडवी. एरवी असं काम घेऊन माणसं नगरसेवकाकडे जातात. पण तेव्हा मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हते. म्हणून काका.

सकाळी 11.30
महापालिकेत नकाशासमोर गर्दी. पिवळा रंग निवासी, जांभळा औद्योगिक. माणसं बोटाने आपलं घर शोधतायत. काका खिशातून स्टीलची पट्टी काढतात. आयुष्यभर ड्रॉइंग वाचून काम केलेला माणूस. आधी कोपऱ्यातलं प्रमाण बघतात, मग रेषा. एक बाई विचारतात, "काका, आमचं चिखलीचं बघता का? पूररेषा कुठवर आहे?" चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले मे महिन्यातच पाडले गेले. काका त्यांचा सर्व्हे नंबर शोधून देतात. पंधरा मिनिटं जातात.

दुपारी 1.15
आवक खिडकी. मुदत 60 दिवसांची. 14 जुलै शेवटचा दिवस. रांग जिन्यापर्यंत आलीय. 74 प्रतींवर 74 शिक्के. कारकून थकलाय, तरी एकेक प्रत परत देतो. ताई शिक्क्यावरची तारीख वाचतात, मगच पुढची प्रत सरकवतात.

दुपारी 2.30
वडापाव आणि चहा, दोघांचे 60 रुपये. मग परतीची बस, आणखी 40.

संध्याकाळी 7.00
मंदिराचा सभामंडप. चाळीसेक माणसं. अर्जातली दुसरी मागणी मैदानाची आहे: मुलं खेळतात त्या जागेचं आरक्षण कायम ठेवा. एक तरुण विचारतो, "आरक्षण राहिलं की मैदान आपलंच ना?"

"नाही," काका म्हणतात. नगररचना कायदा 1966 चा. त्याचं कलम 127 ते बोटावर मोजून सांगतात. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांतही काही हललं नाही, तर आरक्षण संपतं. "म्हणजे दरवर्षी कुणीतरी विचारत राहायचं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. यंदा तो तू करायचास."

तरुण नाव लिहून देतो.

रात्री 9.15
हिशोब. झेरॉक्स 444, बस 80, वडापाव-चहा 60. एकूण 584. घरटी 20 रुपये वर्गणी, आज 31 घरांनी दिली: 620. शिल्लक 36. काकांची आणि ताईंची दिवसाची मजुरी या वहीत कुठेच नाही. पोचेच्या 74 प्रती घरांच्या क्रमाने लावून फाईलला दोरी बांधली जाते. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होईल. ज्यांनी लेखी दिलंय त्यांनाच बोलावणं येईल, आणि ती फाईल घेऊन जायचं.

हा आराखडा पुढच्या वीस वर्षांसाठी आहे. तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा घरी थांबू नका. आपला सर्व्हे नंबर शोधा. जागा टेपने मोजा. हरकत लेखी द्या, सोबत पर्याय द्या. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.