वाकड्या रेषेचा सरळ तुकडा

शेताची मोजणी करायला आलेला मोजणीदार तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो बांध मोजतो, कोपरे टिपतो आणि सपाट कागदावर नकाशा काढतो. पृथ्वी गोल आहे हे त्याला ठाऊक नसते का? चांगले ठाऊक असते! पण चार एकरांच्या तुकड्यात तो गोलावा इतका किंचित असतो, की जमीन सपाट धरली तरी हिशेब चुकत नाही. ट्रान्झिस्टरचा विवर्धक आखणारा अभियंताही हेच करतो. फक्त त्याच्यापुढची वक्रता पृथ्वीइतकी सौम्य नसते.

ती किती तीव्र असते ते पाहा. ट्रान्झिस्टरमधून तीन तारा बाहेर येतात : उत्सर्जक, पाया आणि संग्राहक. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये पाया व उत्सर्जक यांच्यामधील विद्युत् दाब ०.६ व्होल्टच्या आसपास आला, की संग्राहकातून जाणवण्याइतका प्रवाह वाहू लागतो. हा दाब आणखी १८ मिलिव्होल्ट वाढवा, प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. आणखी १८ मिलिव्होल्ट वाढवा, चौपट! ६० मिलिव्होल्टला सुमारे दसपट. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचीच ही चाल.

आता अशा उपकरणाने आवाज मोठा करायचा आहे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तेव्हाही त्यांनी माणसाचे बोलणेच मोठे करून ऐकवले होते. पण आवाजाच्या लहरीचा वरचा भाग जास्त ताणला गेला आणि खालचा कमी, तर बोलणे घोगरे होईल. मग चक्रवाढीने वागणाऱ्या वस्तूकडून सरळव्याजाचे काम कसे करून घ्यायचे?

एक खरे मंडल घेऊ. बॅटरी ९ व्होल्टची, संग्राहकाला ४७०० ओहमचा रोधक, आणि पायाला असा स्थिर दाब दिला आहे की संग्राहकातून १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. रोधकावर ४.७ व्होल्ट पडतात, संग्राहक ४.३ व्होल्टवर राहतो. हा झाला विसाव्याचा बिंदू. या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढली, तर तिचा चढ खोलीच्या तापमानाला प्रवाह भागिले २५ मिलिव्होल्ट इतका येतो. म्हणजे पायावर १ मिलिव्होल्ट वाढला, की प्रवाह ०.०४ मिलिअँपिअर वाढेल आणि संग्राहकाचा दाब १८८ मिलिव्होल्ट उतरेल. विवर्धन १८८ पट, दिशा मात्र उलटी. (प्रत्यक्षात पुढचे मंडल जोडले की ते थोडे घटते.) या हिशेबात ट्रान्झिस्टर कोणत्या क्रमांकाचा, हे कुठेच आले नाही, हे ध्यानात आले का? चढ ठरतो तो केवळ प्रवाह आणि तापमान यांवर.

पण संकेत ‘लहान’ म्हणजे किती लहान? २५ मिलिव्होल्टच्या मानाने लहान. ५ मिलिव्होल्ट द्या. स्पर्शिका सांगते, प्रवाह ०.२ ने वाढेल आणि ०.२ नेच घटेल. प्रत्यक्षात तो ०.२२ ने वाढतो आणि ०.१८ ने घटतो. हा फरक कानाला कळू शकतो. २५ मिलिव्होल्ट दिले तर प्रवाह २.७ मिलिअँपिअर व्हायला हवा. त्यासाठी रोधकावर १२ व्होल्टहून अधिक पडावे लागतील, आणि आपली बॅटरी तर ९ व्होल्टची! लहर तळाशी चक्क कापली जाते.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत विद्यार्थी हमखास अडतात ते वेगळ्याच ठिकाणी. लघुसंकेताच्या मंडलात बॅटरी दिसत नाही. तिच्या जागी नुसती तार असते. हे कसे? कारण त्या आकृतीत आपण दाब मांडत नाही, दाबातले फक्त बदल मांडतो. तळ्यातल्या लाटांची उंची सांगताना आपण तळे किती खोल ते कुठे सांगतो? बॅटरीच्या दोन टोकांमधला दाब बदलत नाही, म्हणजे तिच्यावरचा बदल शून्य. ज्याच्या दोन टोकांत बदल नाही, ती बदलांच्या हिशेबात तारच. बाहेर पडणारी शक्ती मात्र त्या न दिसणाऱ्या बॅटरीचीच असते. म्हणून आकृती पाहून खरी बॅटरी तारेने जोडू नका!

आता संकेत मोठा असेल तर? उत्सर्जक व जमीन यांच्यामध्ये २२० ओहमचा रोधक घाला आणि पायाचा स्थिर दाब थोडा वाढवून प्रवाह पुन्हा १ मिलिअँपिअरवर आणा. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा उत्सर्जक-रोध १ मिलिअँपिअरला २५ ओहम. दोन्ही मिळून २४५. विवर्धन ४७०० भागिले २४५, म्हणजे जेमतेम १९ पट उरते. मात्र ५ मिलिव्होल्टच्या संकेतातला जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट आता त्या वाकड्या रेषेच्या वाट्याला येतो. बाकीचा साध्या, सरळ वागणाऱ्या रोधकावर पडतो. गेलेले विवर्धन भरून काढायला पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर जोडता येतो.