दुर्बिणीने की छेद घेऊन?

लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीसारख्या भागाला लोंबणारी बोटभर लांबीची पोकळ नळी म्हणजे आंत्रपुच्छ, म्हणजेच व्यवहारातले अपेंडिक्स. तिचे तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले, की आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि नळी फुटल्यास पू पोटात पसरतो.

ती काढण्याची जुनी पद्धत न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1894 मध्ये मांडली. बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचे पुढले टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर छेद घेतला जातो आणि पोटाचे स्नायू आडवे न कापता त्यांचे तंतू बाजूला सारून शल्यविशारद आत पोहोचतो. दुर्बिणीची पद्धत कुर्ट झेम या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1980 मध्ये प्रथम वापरली. तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून बेंबीजवळून कॅमेरा आणि आणखी दोन छिद्रांतून अवजारे घातली जातात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1972 पासून निदानासाठी दुर्बीण वापरली होती, त्यामुळे हे तंत्र महाराष्ट्राला परके नव्हते.

लोक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हणतात, ते खरे नाही, कारण छिद्रांनाही टाके लागतात; मात्र जखम पिकण्याचे प्रमाण व दुखणे कमी असते आणि जाळे ओढणारा मुरूडचा कोळी किंवा सुपारीच्या झाडावर चढणारा श्रीवर्धनचा बागायतदार लवकर कामाला लागतो. तरुण स्त्रीच्या बाबतीत दुर्बिणीचे मोल अधिकच, कारण दुखणे आंत्रपुच्छाचे की बीजकोशाचे हे त्याच वेळी पाहता येते. मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला बहुधा पूर्ण भूल, यंत्रसामग्री व सराव असलेला चमू लागतो, तर छेदाची शस्त्रक्रिया कमरेत इंजेक्शन देऊनही करता येते. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया चिकटलेल्या आतड्यांमुळे छेद घेऊन पुरी करावी लागली, तर ते अपयश नसून शहाणपण होय.

रायगडच्या किनाऱ्यावर ही तुलना अंतराशी बांधलेली आहे. मुरूडपासून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे 50 किलोमीटर दूर आहे, आणि पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच बंद असतात. म्हणून केवळ दुर्बिणीच्या हट्टापायी, जवळ सक्षम शल्यविशारद व भूलतज्ज्ञ असताना, रुग्णाला मुंबईपर्यंत नेणे घातक ठरू शकते. त्याहून घातक म्हणजे बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे सरकणाऱ्या दुखण्यावर घरी एरंडेल देणे किंवा पोट चोळणे. काही तासांनी दुखणे एकाएकी ओसरले, तर घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण कित्येकदा नळी नेमकी तेव्हाच फुटलेली असते.