नऊ एकांचा वर्ग

१ हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात काढून पाहा. उत्तर बहुधा १२३४५६७८९८७६५४३०० असे येईल. ते चूक आहे आणि हे ओळखायला दुसरे यंत्र लागत नाही. एककस्थानी १ असलेल्या संख्येच्या वर्गातही एककस्थानी १ च हवा. तेथे शून्य कोठून आले? शिवाय मूळ संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गालाही जायला हवा. पण या उत्तरातील अंकांची बेरीज ७८ भरते! तक्ता पंधरा अंकांपर्यंतच अचूक असतो. पुढच्या जागी तो मुकाट्याने शून्ये भरतो.

खरे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. 'लीलावती'तील स्थानांच्या यादीप्रमाणे हिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी पडतो, त्यापुढे 'परार्ध'.

अंक असे चढून का उतरतात? आमच्या मालवणकडे मिळणारे जांभ्याचे चिरे डोळ्यांपुढे आणा. नऊ चिऱ्यांचा एक थर, त्यावर तसाच दुसरा, पण एक चिरा डावीकडे सरकवलेला. असे नऊ थर. (कोणताही गवंडी असा बांध घालणार नाही, हिशेबाला मात्र चालेल.) उभ्या रांगांतले चिरे उजवीकडून मोजा : १, २, ३… मधल्या रांगेत ९, मग पुन्हा उतार. गुणाकाराची मांडणी हीच. कोणत्याच रांगेत नवाहून अधिक चिरे नाहीत, त्यामुळे हातचा येत नाही.

१, १२१, १२३२१ या कुळाला 'अद्भुत डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. ते देवळालीचे शाळामास्तर. 'डेम्लो' हे मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील रेल्वे स्थानकाचे नाव.

मला या संख्येच्या रूपापेक्षा तिचे अवयव अधिक आवडतात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून वर्गात ३ चार वेळा, ३७ व ३३३६६७ प्रत्येकी दोन वेळा येतात. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१. तिने या संख्येला गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा चिरे येतात आणि हातचा सुरू होतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला कोठे? अकरा एकांचा वर्ग पाटीवर करा व शोधा.