चिंगीची पाच पिल्ले

आमच्या घरी चिंगी नावाची कुत्री होती. तिची जात सांगणे कठीण. आईकडून पॉमेरेनियन आणि बापाकडून निव्वळ पुणेरी! ती व्याली तेव्हा घरात कोण आनंद झाला म्हणता! मुलांनी जुनी गोधडी अंथरली. आमच्या सौभाग्यवतींनी डिंकाचे लाडू तेवढे करायचे बाकी ठेवले. दोन महिन्यांत पाचही पिल्ले ‘चांगल्या घरी’ देऊन मी मोकळा झालो. चांगले घर म्हणजे कोणते? तर ज्याने पिलू मागितले ते. मुलीचे स्थळ पाहताना सात पिढ्यांची चौकशी करणारे आम्ही, पण पिलू नेणाऱ्याला एक प्रश्न विचारला नाही.

दीडेक वर्षाने मंडईमागच्या उकिरड्यावर एक हडकुळी कुत्री दिसली. तिला चार पिल्ले लुचत होती. डाव्या डोळ्यावर तोच तपकिरी डाग. ‘सोने’ म्हणून हाक मारताच तिने शेपूट हलवली. माझ्या हातात भाजीची पिशवी होती, तासाला उशीर होत होता. मी निघून आलो. नंतर कळले की, नेणाऱ्या गृहस्थांची बदली झाली आणि नव्या जागेत कुत्रे चालत नव्हते.

भटक्या कुत्र्यांचा वाद आपल्याकडे जुनाच आहे. 1832 साली मुंबईत इंग्रजांनी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली होती. 2025 च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असे 11 तारखेला सांगितले आणि 22 तारखेला त्यात बदल केला : नसबंदी करून, लस टोचून ती मूळ जागी सोडा, पिसाळलेली व अंगावर येणारी मात्र सोडू नका. आमच्या चाळवजा सोसायटीतही हेच दोन पक्ष आहेत. अप्पांच्या नातवाला कुत्रे चावल्यापासून ते ‘सगळी मारा’ म्हणतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. तेव्हा त्यांच्या रागाला मी नावे ठेवणार नाही. दुसऱ्या पक्षाच्या बाई रोज पातेलेभर दूधभात घालतात. दोघेही रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी भांडतात. ते आले कुठून, हे कोणी विचारत नाही.

पुष्कळ तर रस्त्यावरच जन्मतात, हे खरे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा, आणि वर्षाच्या आतच तिची पोर आई होऊ शकते. म्हणून तर नसबंदी. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात आणि पकडले तिथेच सोडतात. लोक चिडतात, ‘परत कशाला आणले?’ पण मोकळ्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली नवी, नसबंदी न झालेली कुत्री येऊन बसतात. मात्र महापालिका एकीकडे हे करीत असता दुसरीकडे आमच्यासारखी घरे सोनीसारखी भर घालत राहिली, तर फाटल्या आभाळाला ठिगळ कुठवर लावायचे?

पैदाशीवर कायदा नाही असेही नाही. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही. पण मी कुठे विकली होती? मी तर फुकट वाटली! दानशूरपणाला कोणता नियम लागणार? माझ्या मते खरी गरज इथेच आहे. घरातल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद हवी, आणि ज्याला पिल्ले हवीत त्याने आधी परवानगी घ्यावी. पिल्लू कोणाकडे गेले याचा कागद राहावा. बाकीच्यांची नसबंदी. पुण्यात कुत्र्याचा परवाना काढावा लागतोच. पण आमच्या सोसायटीत कुत्री सात आणि परवाने दोन. त्या दोनांत माझा नव्हता.

चिंगीची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात करून घेतली. ‘बिचारीचे आईपण हिरावलेत,’ असे मेहुणीने ऐकवले. दुसऱ्या दिवशी पिशवी घरी ठेवून, सुट्टी काढून मी मंडईमागे गेलो. उकिरडा साफ झाला होता. अजूनही कानाला खाच असलेली कुत्री दिसली की मी आधी तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहतो.